संधिवाताचा रोगी आणि खिशातले वैद्यक

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी घ्यावयाची मेथोट्रेक्झेट नावाची लहानशी गोळी डॉक्टर जेव्हा एखाद्या संधिवाताच्या रोग्याला प्रथम लिहून देतात, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता, किंवा परतीच्या एस.टी.त बसायला जागा मिळाल्यावर, तो रोगी स्वतः अथवा त्याच्यासोबत आलेला कॉलेजातला मुलगा ते नाव मोबाइलच्या पडद्यावर टाकतो. आणि पहिल्या दोनचार ओळींतच त्यांच्यासमोर जो शब्द उभा राहतो तो ‘कर्करोग’ हा होय. घरी पोहोचेपर्यंत आईला कॅन्सर झाला असून डॉक्टरांनी तो लपविला, येथपर्यंत मुलाच्या मनाची मजल गेलेली असते, आणि गोळ्यांची पट्टी कपाटात जाऊन पडते ती पुढच्या तारखेपर्यंत तशीच राहते.

यातील खेदाची बाब अशी की पडद्यावर जे लिहिलेले होते त्यात खोटे काहीच नव्हते. आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत फॉलिक आम्लावर व त्याच्या विरोधी द्रव्यांवर जे संशोधन करून घेत होते, त्यातून निघालेल्या अमिनोप्टेरिनचा प्रयोग बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या बालकांवर केला आणि १९४८ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मेथोट्रेक्झेट हे त्याच कुळातले औषध. संधिवातावर या कुळातील औषधाचा उपयोग होतो, हे १९५१ सालीच एका अमेरिकन डॉक्टराने दाखवून दिले होते. तरी तेथील औषध प्रशासनाने मेथोट्रेक्झेटला संधिवातासाठी रीतसर मान्यता देण्यास १९८८ साल उजाडावे लागले. कर्करोगात हे द्रव्य कधीकधी ग्रॅमच्या हिशेबाने शिरेतून दिले जाते, तर संधिवातात आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम एवढ्यावर काम भागते, आणि तेथे त्याचे काम पेशी मारण्याचे नसून सांध्यातील दाह शमविण्याचे असते. मात्रा बदलली की औषधाचा स्वभाव बदलतो, ही गोष्ट आपल्या आजीच्या बटव्यालाही ठाऊक होती; मोबाइलच्या पडद्यावर मात्र सारे उपयोग एकाच ओळीत, एकाच टंकात, शेजारीशेजारी मांडलेले असतात, आणि विचारणारा कोण, कशासाठी विचारतो, याची विचारपूस तेथे कोणी करीत नाही.

परंतु याच औषधाची दुसरी बाजूही आहे, व ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. ‘आठवड्यातून एकदा’ ही सूचना नजरचुकीने ‘दररोज’ अशी वाचली जाऊन, किंवा औषधाच्या दुकानात तशी सांगितली जाऊन, तोंडात फोड येणे, रक्तातील पेशी झपाट्याने घटणे आणि प्रसंगी प्राण जाणे, असे प्रकार अनेक देशांच्या वैद्यकीय दप्तरांत नोंदलेले आहेत. तोंड आलेले पाहून एखाद्या सुनेने मोबाइलवर औषधाचे नाव शोधावे, आठवड्याचा नियम तिच्या ध्यानात यावा आणि तिने सासूबाईंना त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, हेही याच साधनाने घडू शकते. सबब, पडद्यावरची माहिती तारक की मारक, असा सरसकट निवाडा ज्यांना हवा असेल त्यांची निराशा होणे अटळ आहे.

हा रोगी आहे तरी कोण? पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉपकॉर्ड’ या आंतरराष्ट्रीय योजनेखाली घरोघर फिरून जी पाहणी केली, तीत प्रौढांपैकी सुमारे अठरा टक्के लोकांना हाडे, स्नायू वा सांधे यांचे काही ना काही दुखणे असल्याचे आढळले. ज्याला आपण बोलताना नुसते ‘आरए’ म्हणतो तो ऱ्हुमॅटॉइड संधिवात मात्र दोनशे प्रौढांत एकाला, या प्रमाणात निघाला. दोनशेंत एक हे प्रमाण कागदावर किरकोळ दिसते. पण महाराष्ट्राच्या लोकसंख्येला ते लावून पाहिले म्हणजे ही संख्या काही लाखांच्या घरात जाते, आणि तीत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दुपटीतिपटीने अधिक असते. शरीराची जी संरक्षक शक्ती परकीय जंतूंवर चालून जावयाची, ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते; बोटांची पेरे सुजतात, सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, दुधाच्या पिशवीचा कोपरा फाडणे किंवा कणीक मळणे हे कष्टाचे होऊन बसते. हा आजार समूळ जात नाही. तो आटोक्यात राहतो, आणि आटोक्यात राहण्यासाठी वर्षानुवर्षे औषध घ्यावे लागते, रक्त तपासावे लागते, तारखा पाळाव्या लागतात.

आणि तज्ज्ञ तर थोडे. आपल्याकडील संधिवाततज्ज्ञ बहुतांशी मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत एकवटलेले. तालुक्याच्या गावाहून पहाटेची गाडी पकडून आलेल्या बाईने तीन तास बाकावर बसून काढावेत आणि तिच्या वाट्याला प्रत्यक्षात आठदहा मिनिटे यावीत, हा मोठ्या सरकारी रुग्णालयातील नित्याचा अनुभव. त्या आठदहा मिनिटांत सांधे दाबून पाहणे, रक्ताचा अहवाल वाचणे, यकृत ठीक आहे ना याची खातरजमा करणे आणि चिठ्ठी लिहिणे एवढे उरकले तरी डॉक्टरांनी पुष्कळ केले, असे म्हणावे लागते. उरलेले सारे प्रश्न रोगी घरी घेऊन जातो. दोन तारखांमधले दोन महिने आजार सोसायचा आणि त्याविषयी बोलायला दहा मिनिटे मिळायची, हा व्यवहारच मुळात इतका विषम आहे, की उरलेल्या वेळात त्याने कोणाला तरी काहीतरी विचारणे हे क्रमप्राप्तच ठरते. तो मोबाइलला विचारतो यात डॉक्टरांवरचा अविश्वास शोधणाऱ्यांना मानवी स्वभाव कळलेला नाही.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाल्यापासून हे विचारणे शहरी सुशिक्षितांची मिरासदारी राहिलेले नाही. ज्या बाईला इंग्रजी येत नाही, जिला टंकलेखन जमत नाही, तीही आता बोलून प्रश्न विचारते. ती काय विचारते, हे मात्र ऐकण्यासारखे आहे. रोगाची उत्पत्ती, प्रतिपिंडांचे स्वरूप, असले ज्ञान तिला नको असते. आंबट खाल्ले तर चालेल का, वांगे व टोमॅटो बंद करावेत का, श्रावणातले उपास धरू का, थंड पाण्यात धुणे धुतल्याने सूज वाढते का, ही गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल का, मुलीलाही हे होईल का, असे तिचे प्रश्न. आणि तरुण विवाहितेचा प्रश्न याहूनही नाजूक असतो: मूल होईल ना? तपासणीच्या खोलीत सासूबाई शेजारी उभ्या असताना हा प्रश्न ओठांवर येत नाही. रात्री सगळे झोपल्यावर तो पडद्यावर उमटतो.

या एकाच प्रश्नात किती धोंडे आहेत ते पाहावे. मेथोट्रेक्झेट गर्भाला घातक आहे. गर्भधारणेचा विचार असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी काही काळ थांबवावे लागते. उलट, संधिवातात व शरीराची संरक्षक शक्ती अशीच स्वतःवर उलटणाऱ्या लूपस या आजारात वापरले जाणारे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन गरोदरपणातही चालू ठेवता येते. इतकेच नव्हे, तर लूपसच्या रोगिणीने ते चालू ठेवावे असाच तज्ज्ञांचा आग्रह असतो. ‘संधिवाताच्या गोळ्या गरोदरपणी घेऊ नयेत’ असे सरसकट विधान कोणी एकाने पडद्यावर केले, की त्याच्या बळावर एकीने घातक गोळी सोडावी आणि दुसरीने रक्षक गोळी सोडावी, असे दोन्ही घडते. पहिलीचे कल्याण होते, दुसरीचे अकल्याण. विधान मात्र एकच. हा प्रश्न विचारण्यास घरात किंवा दवाखान्यात जागा नाही म्हणून तो पडद्याकडे गेला, यात दोष कोणाचा असेल तो असो, पडद्याचा खचितच नाही.

आता या प्रश्नांना उत्तरे देणारे कोण आहेत, तेही पाहू. यूट्यूबवरील संधिवातविषयक ध्वनिचित्रफितींची परीक्षा करून काढलेले निष्कर्ष २०१२ साली ‘जर्नल ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात छापून आले होते. तपासलेल्या १०२ फितींपैकी निम्म्याहून थोड्या अधिक उपयुक्त निघाल्या आणि सुमारे तीस टक्के दिशाभूल करणाऱ्या. या दुसऱ्या प्रकारातला मोठा वाटा जाहिरातदारांचा व नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांचा होता. त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट ही, की पाहणाऱ्यांची गर्दी दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. ती परीक्षा इंग्रजी फितींची होती. मराठीत व हिंदीत शोधणाऱ्याच्या समोर काय येते, याचा अंदाज कोणीही आपल्या मोबाइलवर ‘गुडघेदुखी’ एवढा एक शब्द टाकून घ्यावा: सात दिवसांत मुळासकट, एका काढ्यात, एका पट्ट्यात, एका तेलात.

वस्तुतः असल्या जाहिरातींना आपल्या देशात सत्तर वर्षांपासून बंदी आहे. १९५४ साली संसदेने आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्ध जो कायदा केला, त्याच्या परिशिष्टात ज्या ५४ व्याधींवर इलाज असल्याची जाहिरात करण्यास मनाई केली आहे त्यांत संधिवातही आहे आणि लूपसही आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्रांतील चौकटी, भिंतींवरील रंगवलेली अक्षरे आणि रेल्वे फाटकाजवळचे तंबू होते. भिंतीवरचा मजकूर पुसायला पोलीस पाटील तरी जाऊ शकत होता; रात्री अकरा वाजता कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात मामांनी पुढे ढकललेला मजकूर पुसायला कोणता अंमलदार जाणार? आणि मामांचा हेतू तर शुद्ध असतो. भाचीच्या वेदना पाहवत नाहीत म्हणूनच ते पाठवतात.

या मजकुरांचे सारखेच मोल करणेही बरोबर नव्हे. तांब्याचे कडे घ्या: इंग्लंडातील यॉर्क येथील संशोधकांनी सत्तर संधिवाताच्या रोग्यांवर त्याचा पडताळा घेऊन २०१३ साली असे जाहीर केले की कडे आणि त्याची नुसती नक्कल यांत फरक दिसत नाही. कडे घालणाऱ्याचे चार पैसे जातात, सांधा जात नाही, हे समाधान. पारिजातकाच्या पानांचा काढा घेणाऱ्या बाईने मूळ औषध चालू ठेवले असेल आणि डॉक्टरांना काढ्याची कल्पना दिली असेल, तर तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. पण ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून टपालाने येणाऱ्या, घटकांची नावे नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते, आणि त्याची कथा वेगळी आहे. स्टेरॉइडने दोन दिवसांत सूज उतरते, रोगी चालू लागतो, चमत्काराची साक्ष स्वतःच व्हिडिओवर देतो. पुढे चेहरा सुजतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी एकाएकी बंद केली तर जिवावर बेतते. याच्याशी आयुर्वेदाचा काहीही संबंध नाही. आयुर्वेदीय औषधांची शास्त्रशुद्ध परीक्षा कशी घ्यावी हे पाहावयाचे असेल, तर पुण्यातून निघालेला व २०१३ साली प्रसिद्ध झालेला गुडघ्याच्या झिजेवरील अभ्यास पाहावा: तेथे आयुर्वेदीय योगांची तुलना प्रचलित औषधांशी करण्यात आली, गुण सारखाच आला हेही सांगितले, आणि काही रोग्यांत यकृताच्या तपासणीतले एक मान वाढले हेही लपविले नाही. गुणाबरोबर दोष सांगण्याची ही तयारी विकणाऱ्याच्या व्हिडिओत कोणी शोधून दाखवावी.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा करोनाकाळात घराघरांत शिरलेला उपदेश तर या रोग्यांच्या बाबतीत उफराटाच ठरतो. ज्याची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली आहे त्याला ती वाढविण्याचा सल्ला देणारे, त्याच्या आजाराचे नाव तरी ऐकून घेतात की नाही, अशी शंका येते. गुळवेलीचा काढा घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रोग्यांची हकीकत मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली, व त्या इजेत शरीर स्वतःवरच उलटल्याच्या खुणा दिसत होत्या. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाशी मतभेद व्यक्त केला. वाद तज्ज्ञांचा आहे, तो तज्ज्ञांनी मिटवावा. परंतु ज्या घरात लूपसची रोगिणी आहे त्या घराने हा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय उकळू नये, एवढे त्या वादातूनही निष्पन्न होतेच.

त्याच काळात घडलेला हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा प्रसंग मला या साऱ्या विषयातील सर्वांत बोधप्रद वाटतो, कारण तेथे रोग्याने काहीही वाचले नव्हते; वाचले होते ते इतरांनी. मूळचे हिवतापाचे असलेले हे औषध गेली कित्येक दशके लूपस व संधिवाताच्या रोग्यांचा रोजचा आधार आहे. २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी करोनावरील उपाय म्हणून त्याची वाखाणणी केली, आपल्याकडे वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्यसेवकांना प्रतिबंधक म्हणून ते घेण्याची शिफारस केली, आणि ती वार्ता मोबाइलवरून पसरताच धडधाकट माणसांनी दुकानांसमोर रांगा लावल्या. सरकारने निर्यातीवर निर्बंध घातले, २६ मार्चला विक्रीवर कडक नियम लादले. तोवर ज्यांना ती गोळी खरोखर हवी होती ते रोगी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात हिंडत होते. जूनमध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीतून या औषधाने करोनाच्या रुग्णांचा काही फायदा होत नाही असे निष्पन्न झाले, आणि अमेरिकेने दिलेली तातडीची परवानगीही त्याच महिन्यात मागे घेतली. रांगा लावणाऱ्यांनी घरात साठवलेल्या पट्ट्यांचे पुढे काय झाले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

एवढे दोष सांगितल्यावर, ज्याचे ऋण मान्य केले पाहिजे त्याचाही उल्लेख करतो. पंचविशीतल्या एखाद्या तरुणाची कंबर पहाटे तीनचारच्या सुमारास धरते, पडून राहिल्याने वाढते आणि हिंडूफिरू लागल्यावर सैल होते. घरचे म्हणतात गाडी कमी चालव, जवळचा डॉक्टर वेदनाशामक देतो, कोणी पट्टा बांधतो. अशी चारपाच वर्षे सहज जातात. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या मणक्याच्या संधिवाताचे निदान होण्यास जगभर असाच विलंब होतो, कारण ‘विश्रांतीने वाढणारी कंबरदुखी’ हा विरोधाभास कोणी नीट ऐकून घेत नाही. असा तरुण आपली लक्षणे पडद्यावर लिहितो, तेव्हा तो विरोधाभास नेमका यंत्राच्या ध्यानात येतो, त्या आजाराचे नाव समोर येते, एचएलए-बी२७ या तपासणीचा उल्लेख येतो, आणि तो योग्य दारी पोहोचतो. अशी काही मुले स्वतःचे निदान घेऊनच दवाखान्यात येतात आणि पुष्कळदा ते बरोबर निघते.

उलट, प्रयोगशाळेचा कागद आधी व लक्षणे नंतर, या क्रमाने जो शोधू लागतो त्याची वाट हमखास चुकते. ‘आरए फॅक्टर पॉझिटिव्ह’ हे तीन शब्द वाचून वाकड्या बोटांची छायाचित्रे पाहत बसणाऱ्यास हे ठाऊक नसते की तो घटक काही निरोगी वृद्धांतही सापडतो, क्षयासारख्या दीर्घ संसर्गांतही सापडतो, आणि प्रत्यक्ष संधिवात असलेल्या अनेकांत सापडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या रायन व्हाइट व एरिक हॉर्व्हिट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, साध्या लक्षणांचा शोध घेणारा मनुष्य पानापानागणिक अधिकाधिक भयंकर रोगांकडे कसा ओढला जातो, हे दाखविले होते. आरोग्य तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये हे घटक विनाकारण मोजून मिळू लागल्यापासून या ओढीला आपल्याकडे भरपूर इंधन मिळाले आहे.

काही डॉक्टर रोग्याने मोबाइल बाहेर काढताच कपाळाला आठ्या घालतात, ‘मग गूगललाच विचारा’ असे फटकारतात, आणि त्यांच्या थकव्याकडे पाहता मला त्यांचा फार राग येत नाही. तथापि त्या एका वाक्याने रोगी वाचणे सोडत नाही, सांगणे मात्र सोडतो. ‘काय वाचलेत?’ असे विचारण्यास अर्धे मिनिट लागते. मेथोट्रेक्झेट लिहितानाच ‘हे कॅन्सरचे औषध म्हणून दिसेल, पण तुमची मात्रा वेगळी आहे’ असे बजावणारे डॉक्टर आहेत, आणि त्यांच्या रोग्यांच्या पट्ट्या कपाटात पडून राहत नाहीत.

विश्वासार्ह माहितीवर शिक्का मारण्याचे प्रयत्नही झाले. जिनिव्हातील एका संस्थेने १९९६ च्या सुमारास आरोग्यविषयक मजकुरासाठी आचारसंहिता काढली, ती पाळणाऱ्यांना आपले चिन्ह दिले. २०२२ साली त्या संस्थेचा कारभार आटोपला. ऑक्सफर्डमधून १९९९ साली निघालेली ‘डिसर्न’ नावाची सोळा प्रश्नांची कसोटी अद्याप वापरात आहे, आणि तिचे सार सामान्य माणसालाही उपयोगी पडते: लिहिणारा कोण, त्याला यातून काय मिळते, त्याने दुष्परिणाम सांगितले का, औषध न घेतल्यास काय होईल ते सांगितले का. अलीकडे ज्या संभाषक यंत्रांना लोक विचारतात, त्यांच्या अस्खलित व निःशंक भाषेलाही हीच कसोटी लावावी. खात्रीचा सूर हा पुरावा नव्हे. ब्रिटनमधील संधिवात-रोग्यांच्या राष्ट्रीय संस्थेने तेथील दक्षिण आशियाई रोग्यांसाठी ‘अपनी जंग’ या नावाने हिंदीतून माहिती उपलब्ध केली आहे. लंडनच्या साउथॉलमधील आजींना जे आपल्या भाषेत मिळते, ते सोलापूरच्या आजींना आपल्या भाषेत शोधत बसावे लागते, आणि त्या शोधात आधी तेलवाला भेटतो.

मराठीत वैद्यकावर सुबोध लिहिणाऱ्या डॉक्टरांची परंपरा जुनी आहे, आणि दिवाळी अंकांनीच तिला मोठा हात दिलेला आहे. तेव्हा महाराष्ट्रातील संधिवाततज्ज्ञांना व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना आग्रहाची विनंती अशी, की आंबट, उपास, गरोदरपण, आठवड्याची गोळी आणि रक्ततपासणी एवढ्या पाच विषयांवर तरी, सही-शिक्क्यानिशी व तारखेनिशी, साध्या मराठीत मजकूर व व्हिडिओ तयार करून ते सर्वांना विनामूल्य खुले करावेत. खर्च फारसा नाही आणि लिहिणाऱ्यांचीही वाण नाही. तोवर वाचकांपैकी ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी वाचलेले लपवू नये, जे वाचले ते मोबाइलसकट डॉक्टरांसमोर ठेवावे, आणि कोणतीही गोळी पडद्याच्या सांगण्यावरून सुरू अथवा बंद करू नये.